सत्तावन्न घरांत एकच हाक

सोमवार, तीन ऑगस्ट. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी केसलघाट गावातल्या दोनशे बारा घरांमधल्या डब्या एकाच वेळी बोलल्या. त्यांतल्या सत्तावन्न घरांत आवाज एकाच बाईचा होता.

कुंदा मारबते हिचं घर त्या सत्तावन्नांपैकी एक. कुंदा गावच्या दुपारच्या अंगणवाडीची सेविका, वय शेहेचाळीस. तिचा नवरा हेमराज पहाटे वैनगंगेतून जाळं काढून आला होता आणि न्याहारीला बसला होता. हेमराजने भिंतीवर पार आढ्यापाशी लावलेली पांढरी डबी साबणाच्या वडीएवढी. तिने आधी कुंदाला हाक मारली, तीही तिच्या आईच्या आवाजात. "कुंदे, बाहेर नीघ!" पवनीला राहणारी आई भिंतीतून बोलली म्हणून कुंदाला हसू आलं. ते ओठांवर असतानाच दुसरी हाक आली.

"हेमराज! ए हेमराज! बाहेर नीघ!"

हेमराजच्या हातातला घास ताटात पडला. आपण उठलो हे त्याला कळलं तेव्हा तो अंगणात उभा होता. समोरच्या अंगणात देवराम दिघोरे उभा होता, अर्धी दाढी केलेला, अर्ध्या गालाला साबण. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. देवरामच्या घरातूनही तोच आवाज येत होता.

आवाज रंजना नान्हेचा होता.

देवरामची बायको शेवंता कमरेवर हात ठेवून दारात आली. "वा बाप्पा! आमच्याही घरी हेच बाई, तुमच्याही घरी हेच बाई. कुंदाबाई, तुमचे हे तरी पूर्ण दाढी करून निघाले."

कुंदाने आत जाऊन डबीची वायर ओढून काढली.

डब्या गावात का आल्या, ते सांगायला चार वर्षं मागे जावं लागतं. केसलघाटच्या वर नदीवर धरण आहे. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो. हा भोंगा चालतो की नाही हे पाहायला बारा वर्षं दर सोमवारी सकाळी दहाला तो वाजवला जाई. म्हणजे सहाशेहून अधिक वेळा तो वाजला आणि सहाशेहून अधिक वेळा काहीही झालं नाही. मग चार वर्षांपूर्वी तो एका बुधवारी दुपारी वाजला आणि पाणी आलं. नऊ माणसं गेली. हेमराज दुपारच्या झोपेत होता. त्याला जाग आली ती खाट तरंगायला लागल्यावर. अकरा तास तो कौलांवर बसून होता. नंतर चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, "भोंगा वाजला तेव्हा तुम्ही काय करत होता?" हेमराजने उलट विचारलं, "वाजला होता का?"

त्याचे कान तपासले. उत्तम होते.

या प्रकाराला मानसशास्त्रात अभ्यस्तता म्हणतात. तीच गोष्ट परत परत घडली आणि तिच्यामागून काहीच आलं नाही, तर मेंदू तिच्याकडे वळणं सोडून देतो. ही मेंदूची चूक नव्हे, काटकसर आहे. नाहीतर माणसाला घड्याळाची टिकटिक, पंख्याची घरघर आणि स्वतःच्या अंगावरचा सदरा दिवसभर जाणवत राहिला असता. धरणाच्या भोंग्याने गावाला बारा वर्षं एकच धडा दिला होता, की माझ्याकडे लक्ष देऊ नका. गावाने तो नीट गिरवला होता.

यावर उपाय घेऊन नागपूरच्या मानसशास्त्रज्ञ डॉ. शर्वरी कोलते आल्या. त्यांचा मुद्दा सोपा होता. भर बाजारात, शंभर आवाजांत, आपलं नाव कोणी घेतलं तर आपण वळतो. त्यातही काही आवाजांना लवकर वळतो, काहींना उशिरा. डोक्यावर बारा तारांची टोपी घातली, तर हाक कानावर पडल्यापासून साधारण तीन दशांश सेकंदात मेंदूत एक लाट उठलेली दिसते. माणूस वळायच्या आधी ती उठते, माणसाला न विचारता उठते. लाट जितकी उंच, तितकं अवधान त्या हाकेकडे धावलं. प्रत्येकाला चाळीस ओळखीच्या आवाजांत स्वतःचं नाव ऐकवायचं, सगळ्यांत उंच लाट कोणत्या आवाजाला उठली ते पाहायचं आणि तो आवाज त्याच्या घरच्या डबीत भरायचा. भोंगा सगळ्यांना एकसारखा ओरडायचा, डबी ज्याला त्याला त्याच्या माणसाच्या आवाजात बोलावणार.

चाचणीचा निकाल गोपनीय राहील, असं फॉर्मवर छापलेलं होतं. तीन ऑगस्टच्या रंगीत तालमीत तो दहा मिनिटांत गावभर झाला. डब्या भिंतीवर होत्या आणि भिंती मातीच्या व पातळ विटांच्या होत्या. आवाज ठेवायची जागा त्या नव्हत्या.

संध्याकाळपर्यंत बायांनी हिशेब लावला. गावात लग्न झालेले पुरुष एकशे अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याहत्तर जणांना आईच्या आवाजात हाक आली. सत्तावन्न जणांना रंजनाच्या. चोपन्न जणांना भावाच्या, मित्राच्या, कुणाला जुन्या गुरुजींच्या. बायकोच्या आवाजात हाक आली ती फक्त तिघांना.

आईबद्दल कुणाची तक्रार नव्हती. रंजनाबद्दल होती.

रंजना नान्हे मच्छीमार सोसायटीच्या वजनकाट्यावर बसायची. विधवा, पन्नाशीची, आवाज नदीच्या त्या काठापर्यंत जाणारा. त्या सोमवारनंतर काट्यावर येणारे पुरुष खाली मान घालून येऊ लागले आणि त्यांच्या टोपल्या घेऊन त्यांच्या बायका येऊ लागल्या. "सांभाळून बोला रंजनाबाई, आमचे हे उठून उभे राहतील," असं एकीने म्हटलं. बाकीच्या हसल्या. बुधवारी रंजना काट्यावर आली नाही. गुरुवारपर्यंत चौऱ्याण्णव घरांतल्या डब्यांच्या वायरी निघाल्या होत्या. एक डबी धानाच्या कोठीत सापडली, फडक्यात बांधलेली.

मारबत्यांच्या घरी बोलणं झालं ते सोमवारीच, दुपारच्या जेवणाला.

"तुमच्या डोक्यात रंजनाबाई हाय असं मी नाई म्हणत," कुंदा म्हणाली. "मशीन म्हणते."

"मशीनले काय कळते?"

"मंग उठले काहून?"

"मले काय मालूम? पायच उठले."

"माझ्या हाकेले कधी उठले तुमचे पाय?"

हेमराजने विचार केला. तो खरोखर विचार करतो आहे, हेच कुंदाला सगळ्यांत जास्त लागलं.

"तू हाक मारली तं जेवण झालं असते, नाईतर पाणी भरायचं असते," तो शेवटी म्हणाला. "त्यात पळायसारखं काय हाय?"

त्याने ताट धुतलं आणि तो खाटेवर आडवा झाला. पाच मिनिटांत घोरू लागला. तो रोज दुपारी बारा ते चार असा झोपायचा, कारण रोज पहाटे तीनला उठायचा. कुंदा त्याच्याकडे पाहत बसली. भिंतीवर डबी होती आणि तिची वायर खाली लोंबत होती; वायरीशिवाय आतली बॅटरी जेमतेम एक दिवस पुरायची. धरण त्या दिवशी एक्क्याऐंशी टक्के भरलं होतं. पाणी आलं तर हा माणूस उठणार कसा, हा प्रश्न चार वर्षांपूर्वी होता तिथेच परत आला होता. फरक इतकाच, की या वेळी वायर तिने स्वतः काढली होती.

गुरुवारी अंगणवाडी सुटल्यावर ती रंजनाच्या घरी गेली.

रंजना ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "भांडायले आली असशील तं आधी पाणी पी. सकाळपासून आलेल्या सगळ्या कोरड्या घशाने भांडल्या."

"भांडायले नाई आली, रंजनाताई."

"मंग बस." रंजनाने सूप सरकवलं. "सत्तावन्न नवरे झाले मले आणि घरचं पाणी मीच भरून राहिली."

कुंदाला हसू आवरलं नाही. रंजनाही हसली. "मी काट्यावर बावीस वर्षं बसते, कुंदा. नाव पुकारलं आणि माणूस नाई आला, तं मी दुसऱ्याचं पुकारते. गेला त्याचा नंबर. मासोळी उन्हात पडून राहते. हे सगळ्यांले मालूम हाय, म्हणून पळत येतात. माझ्या आवाजाले नाई पळत, नंबरले पळतात. एवढं त्या बायांले समजत नाई?"

"समजते. पण मशीननं आमचाही आवाज ऐकवला ना त्यांले. तुझ्याच बरोबरीनं. मंग आमच्या आवाजाले काहीच नाई?"

रंजना सूप हलवायची थांबली. "आवाजात काय ऐकवलं?"

"नाव."

"तुझ्या घरी हेमराज असं कोण म्हणते?"

"सासू म्हणायची. ती जाऊन सात वर्षं झाली."

"आणि तू?"

"मी कशी म्हणीन?" कुंदा म्हणाली. आणि ते तोंडातून निघाल्यावर तिला ते पहिल्यांदा ऐकू आलं.

केसलघाटच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'अवो' म्हणतात, 'ऐकलं का' म्हणतात, पोराचं नाव घेऊन त्याचे बाबा म्हणतात. नाव घ्यायचं ते उखाण्यात. लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवाला. हेमराजला 'हेमराज' म्हणून कुंदाने चोवीस वर्षांत एकदाही हाक मारली नव्हती.

मग तिला एप्रिलमधली ती दुपार आठवली. शाळेच्या वर्गात आवाज भरून घेण्याचं काम होतं. पुण्याहून आलेला तंत्रज्ञ प्रत्येकीला सांगत होता, "तीन वेळा मिस्टरांचं नाव घ्या." बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक तास गेला, जेमतेम तीन नावं मिळाली. तेव्हा तोडगा कुंदानेच काढला होता. उखाणा घ्या ना! मग काय, रांग लागली. टाळ्या पडल्या, चहा आला. कुंदाने स्वतः घेतला होता:

"काठावरती होडी टेकली, होडीत भरली रोहू,
हेमराजरावांचं नाव घेते, आता मशीन नका लावू."

तंत्रज्ञाने प्रत्येक उखाण्यातून नाव कापून घेतलं. फॉर्मवर एक रकाना होता, 'नाव स्पष्टपणे घेतले काय?' मदतनीस म्हणून तो कुंदाकडे होता. एकशे अठ्ठ्याऐंशी फॉर्मांवर तिने 'होय' वर खूण केली होती. नाव स्पष्टच घेतलं होतं. खोटं त्यात काही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता तिने डॉ. कोलतेंना फोन लावला.

"मॅडम, ज्या तिघांले बायकोच्या आवाजात हाक आली, ते कोण ते मी सांगू? तुमच्याजवळची यादी समोर घ्या."

"यादी गोपनीय आहे, कुंदाताई."

"मी सांगते, तुम्ही काही बोलू नका. एक संजय शिंपी. त्यानं गोंदियाची पोरगी पळवून आणली, ते त्याले अरे संजय म्हणते. दुसरे शाळेतले तिरपुडे सर, त्यांच्या मॅडम शहरातल्या हायेत. तिसरा कैलास कापगते. त्याची बायको त्याच्या मामाची पोरगी, दोघं सोबत खेळले, ते त्याले लहानपणापासून कैलासच म्हणते."

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली. मग लांबून, संगणकातून, एका बाईचा लाडिक सुरातला आवाज, "देवरामरावांचं," आणि तो तिथेच कापलेला. मग दुसरीचा. मग तिसरीचा. सगळे एकाच चालीत.

"अरे देवा," डॉ. कोलते म्हणाल्या.

त्यांनी नंतर कुंदाला जे समजावलं ते असं. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. त्या बदलत्या गोष्टीला चल म्हणतात. त्यांना बदलायचा होता आवाज, बाकी सगळं तेच ठेवून. पण या गावात आवाज बदलला की हाकेची रीतही बदलत होती. आईच्या आवाजातलं नाव रोजचं होतं, रंजनाच्या आवाजातलं नाव रोजचं होतं, बायकोच्या आवाजातलं नाव लग्नातलं होतं. त्या चालीत नाव ऐकलं की या पुरुषांचा मेंदू काय समजत असेल? आता टाळ्या पडतील, एवढंच. तो पळायला कशाला उठेल? चाचणीने बायकोची हाक मोजलीच नव्हती.

"चूक माझी हाय मॅडम. खुणा मी केल्या."

"फॉर्म मी बनवला," डॉ. कोलते म्हणाल्या. "माझी आई आजही बाबांना अहो म्हणते. शाळेत असताना आईच्या फॉर्मवर वडिलांचं नाव मी लिहायचे, कारण ती ते उच्चारायची नाही की लिहायची नाही. मला सुचायला हवं होतं. तुम्ही फक्त जे घडलं ते लिहिलंत."

फोन ठेवल्यावर कुंदा लोटाभर पाणी प्यायली. चार दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली होती.

सतरा ते बावीस ऑगस्ट या सहा दिवसांत चाचणी परत झाली. या वेळी कुणाला नाव घ्यायला सांगितलं नाही. ज्याला जशी हाक मारता तशी मारा, एवढंच. शाळेच्या वर्गात 'अवो', 'ऐकलं का', 'मनोजचे बाबा', 'ओ धनी' असा गलका झाला. शेवंताने नुसतं "हं!" केलं. तंत्रज्ञ म्हणाला, "मावशी, हाक मारा." ती म्हणाली, "हेच हाक हाय. विचारा त्यांले." देवरामने मान डोलावली.

पण तालीम परत होणार नव्हती. डॉ. कोलतेंनी ग्रामपंचायतीत कारण सांगितलं. हाक जितकी वाजवाल तितकी ती झिजेल, भोंग्यासारखी. आता डब्या बोलतील ते खरं पाणी आल्यावरच. तोवर कुणाच्या डबीत कोण आहे, हे कुणालाही कळणार नाही.

सभा संपल्यावर कुंदाने त्यांना गाडीपाशी गाठलं. "बाकीच्यांचं राहू द्या, मॅडम. यांच्या डबीत माझा आवाज हाय का, तेवढं सांगा."

"नाही सांगता येणार."

"हो की नाई, इतकंच."

"मागच्या वेळी आम्ही एक अक्षर बोललो नव्हतो. तरी काय झालं ते पाहिलंत." त्यांनी गाडीचं दार उघडलं. "रंजनाबाईंचा असला तर तुम्ही वायर काढाल का परत?"

घरी जाऊन कुंदाने वायर लावली, तेच उत्तर होतं. कुणाचाही असो. पाय उठले पाहिजेत.

दुसऱ्या दिवसापासून ती रंजनाला सोबत घेऊन घरोघरी फिरली. रंजना दारात उभी राहून आधीच म्हणायची, "बाई, मी तुझा नवरा न्यायले नाई आली, वायर लावायले आली." बहुतेक घरांत हसत वायर लागली, काहींत न हसता. शेवंताने चहा दिला आणि रंजनाच्या कपात साखर जास्त घातली. माफी ती त्याहून वेगळी मागत नसे. एकतीस ऑगस्टला दोनशे बारांपैकी दोनशे नऊ डब्या चालू होत्या. उरलेली तीन घरं कामासाठी परगावी गेलेली होती. रंजना काट्यावर परत बसू लागली.

शुक्रवार, अकरा सप्टेंबर. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी धरणाचे एकवीस दरवाजे उघडायचा निर्णय झाला आणि त्याच मिनिटाला केसलघाटच्या डब्या बोलल्या.

कुंदा अंगणवाडीत होती. अंगणवाडी गावाच्या वरच्या टोकाला, तिचं घर खालच्या टोकाला, नदीपासून दीडशे पावलांवर. अंगणवाडीत चौदा मुलं. नियम स्पष्ट होता, मुलांना घेऊन टेकडीवरच्या हायस्कुलात जायचं, घराकडे वळायचं नाही. तिने दोन मुलं कडेवर घेतली, बाकीच्यांना दोरीला धरायला लावलं आणि चालायला लागली. चालता चालता हेमराजला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा रिंग पूर्ण वाजली. फोन जाळ्याच्या पिशवीत असणार आणि पिशवी पडवीत.

तीन वाजून अडतीस मिनिटांनी ती हायस्कुलात पोचली. चौदा मुलं मोजली. परत मोजली. मग फाटकापाशी येऊन उभी राहिली.

खालून माणसं येत होती. शेळ्या, टोपल्या, मोटारसायकली. देवराम आईला पाठीवर घेऊन आला. मागून शेवंता आली, हातात गॅसची शेगडी. "हे पाय काय उठले बाई यांचे," ती धापा टाकत म्हणाली, "माझ्या एका हुंकारानं! आईलेही घेतलं, मलेच विसरले." रंजना आली, तिने कुंदाकडे पाहिलं आणि काही न विचारता तिच्या बाजूला उभी राहिली.

तीन बेचाळीस. तीन पंचेचाळीस. खालच्या आळीतल्या बाकी सगळ्या घरची माणसं येऊन पोचली होती.

"मी पुकारू का?" रंजना म्हणाली. "इथून आवाज जाईल माझा."

कुंदा म्हणाली, "पुकार."

रंजनाने तोंडाभोवती हात धरले, छाती भरून घेतली आणि तशीच थांबली. वळणावर एक माणूस दिसत होता. एका पायात चप्पल, खांद्यावर काही नाही, हातात काही नाही. तो पळत नव्हता, दर दहा पावलांवर थांबून आजूबाजूला बघत होता. घरांच्या दारांत डोकावत होता.

"वर या!" कुंदा ओरडली. "अवो! वर या ना!"

हेमराजने मान वर केली आणि मग तो पळाला.

फाटकाशी पोचल्यावर तो रागावूनच म्हणाला, "कोठी होती तू? एवढ्या हाका मारून राहिली आणि घरात नाई! चुलीपाशी पाहिलं, मागच्या अंगणात पाहिलं, विहिरीपाशी पाहिलं. मले वाटलं पडली का काय कोठी."

"मी तं इथं होती."

"मंग मले कोणी उठवलं?"

रंजना आधी हसली. मग शेवंता, मग फाटकाशी उभ्या असलेल्या सगळ्या बाया. हेमराज त्यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर समज उतरली. त्याने कुंदाचा दंड धरला, घट्ट, चारचौघांत, आणि बराच वेळ सोडला नाही. कुंदा रडत होती. तिला ते थांबवायचंही नव्हतं.

चार वाजून सव्वीस मिनिटांनी मोजणी पूर्ण झाली. त्या दिवशी गावात असलेली नऊशे त्र्याऐंशी माणसं टेकडीवर होती. एकही कमी नव्हतं. पाच वाजून पाच मिनिटांनी पाणी खालच्या आळीत शिरलं.

शनिवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी डॉ. कोलतेंचा फोन आला. कुंदा आणि हेमराज हायस्कुलाच्या व्हरांड्यात उपम्याच्या पत्रावळी घेऊन बसले होते. तिने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"निघताना डबीचं बटण दाबलं होतं का हेमराजभाऊंनी?"

"बटण कायचं?" हेमराज म्हणाला.

"ते दाबलं की हाक बंद होते. एकशे अठ्ठ्याहत्तर घरांनी दाबलं. एकतीस घरांतली माणसं न दाबताच निघाली. त्यांतल्या तीस डब्या पाण्याखाली जाऊन बंद पडल्या. एक अजून चालू आहे. नकाशावर तुमच्या घराचा ठिपका आहे."

दर दोन मिनिटांनी एक हाक, काल तीन वीसपासून. रिकाम्या घरात, पाण्यावर, कुंदाची आई कुंदाला बोलावत होती आणि कुंदा हेमराजला.

"घर उभं हाय म्हणजे?" कुंदाने विचारलं.

"ती भिंत तरी उभी आहे. बाकीचं मला इथून सांगता येणार नाही. पाणी अजून उतरलेलं नाही. हाक मी इथून बंद करू शकते. करू का?"

कुंदाने हेमराजकडे पाहिलं. तो उपमा खायचा थांबला होता आणि खाली, जिथे त्यांची आळी असायला हवी होती, तिकडे बघत होता.

"राहू द्या," तो म्हणाला.

आठ वाजून चाळीस मिनिटांच्या नोंदीनुसार खालच्या आळीत सात फूट पाणी होतं, धरणाचे सतरा दरवाजे उघडे होते आणि मारबत्यांच्या घरातल्या डबीची बॅटरी अकरा टक्के उरली होती. डबी बोलत होती.